नेकनूरच्या माळावरचे संरक्षित पीट

ज्या देशात वारा नुसताच वाहतो, तो देश मागासलेला समजावा. उदारीकरणानंतर हे आपल्या ध्यानात आले आणि दहाएक वर्षांत नेकनूरच्या माळापर्यंत जाऊन पोचले. (तिथे एस.टी. अजून पोचायची होती.) माळावर पवनचक्क्या उभ्या राहणार होत्या. पण प्रगत जगाचा नियम असा की नुकसान आधी शास्त्रशुद्ध मोजावे आणि मगच करावे.

हे मोजमाप करायला संगमेश्वर साहेब लातूरहून जीपने आले, तेव्हा तिथला शेतकरी गहिनीनाथ आपल्या विहिरीच्या काठावर वाट बघत उभा होता. विहिरीला माळाच्या पोटातून झरा होता आणि एका चक्कीचा पाया त्या झऱ्याच्या अंगालाच सुरुंग लावून खणायचे ठरले होते. अहवालात एक वाक्य यावे, एवढेच त्याला हवे होते.

"सायेब, सुरुंगानं झरा फुटंल. आमचं समदं त्याच्यावर हाय. इथं खणू नका, तेवढं लिवा."

"लिहू की. पाणी तर पहिलाच मुद्दा आहे," म्हणत साहेबांनी विहिरीत वाकून पाहिले. मे महिना होता. साहेबांनी लिहिले : पाणी आढळले नाही. नसलेल्या पाण्यावर परिणाम संभवत नाही.

"पाणी जुलैत येतंय, सायेब!"

"पाहणी मे महिन्यात मंजूर आहे," साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. माणूस उर्मट अजिबात नव्हता.

दुसरा मुद्दा माती. येथील माती वाऱ्याने उडते. यापुढे वाऱ्याचा वापर पवनचक्क्या करणार असल्याने मातीच्या वाट्याला तो कमी येईल. परिणाम : हितकारक.

तिसऱ्या मुद्द्यापाशी मात्र साहेबांचा चेहरा पडला. अहवालाचा नमुना चक्क्यांसाठी कर्ज देणाऱ्या देशाचा होता. त्या देशात बारा महिने पाऊस पडतो, गवत-शेवाळ हजारो वर्षे पाण्यात कुजते आणि त्याचा काळा, ओला थर साचतो. त्याला पीट म्हणतात. चक्क्यांनी पीट बिघडू नये, याची त्या लोकांना रास्त काळजी. साहेबांनी या रकान्यात 'लागू नाही' लिहून पाहिले, तर अहवाल मुंबईहून दोनदा परत आला. दुसऱ्या वेळी शेरा होता : नीट शोधावे. म्हणून मे सरायच्या आत साहेब पुन्हा माळावर आले आणि आपली अडचण त्यांनी गहिनीनाथला सांगितली.

गहिनीनाथला साहेबांची मनापासून दया आली. शिवाय त्यांची नड भागवली तर तेही आपले पाणी लिहितील, असा हिशेब त्याने केला. (दया आणि हिशेब ही आपल्याकडे सख्खी भावंडे आहेत.)

"काळं असतंय म्हंता?"

"काळंकुट्ट."

"कुजल्यालं? वलं? पाणी धरून ठेवतंय?"

"तेच तर त्याचं वैशिष्ट्य."

"मंग चला."

त्याने साहेबांना पायाच्या खुणेलगतच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यापाशी, नेले आणि स्वतःच्या उकिरड्यापुढे उभे केले. साहेबांनी मोजपट्टीची सळई खुपसली. साडेचार फूट गेली. परदेशी पीट वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते. हे चार वर्षांचे होते. जगातील सर्वाधिक वेगाने वाढणारे पीट बीड जिल्ह्यात सापडले, हे बघून साहेबांचे डोळे भरून आले. (वाराही उकिरड्याकडूनच येत होता.)

"अवो, उकिरड्याचे फोटू कावून काढायलेत?" केसरबाईने नवऱ्याला विचारले.

"गप ऱ्हा. आपलं पाणी लिवायलेत."

अहवाल एका फटक्यात मंजूर झाला. पाण्याला एक ओळ, मातीला दोन आणि पीटला रंगीत छायाचित्रांसह बासष्ट पाने. शेणाची पाटी हातात धरलेल्या केसरबाईच्या फोटोखाली 'स्थानिक संवर्धक' असे छापले होते. पीट हलवण्यास मनाई झाली, त्यामुळे मृगाआधी शेतात खत गेले नाही. पीटजवळ बांधकाम चालणार नव्हते, म्हणून चक्की सरकवणे भाग पडले. नकाशावर पेन्सिल उकिरड्यापासून लांब लांब गेली आणि एका गोल खुणेवर थांबली. तिथे लिहिले होते : कोरडा, तयार खड्डा. पायासाठी सोयीस्कर.

ती गहिनीनाथची विहीर होती. सुरुंगाची गरज न उरल्याने झरा फुटण्याची भीती टळली, असे साहेबांनी आठवणीने वेगळ्या ओळीत नमूद केले. दिलेला शब्द असा पाळणारी माणसे आता दुर्मीळ झाली आहेत.

नोटीस आली, विहिरीत सिमेंट ओतले. जुलैत गहिनीनाथने चक्कीच्या पायाला कान लावला. आत पाणी वाजत होते की वर पाती फिरत होती, ते कळेना. केसरबाई घागर घेऊन खालच्या वाडीला जाऊ लागली.

पीट बघायला मात्र पाहुणे येतात. बीडहून येतात, पुण्याहूनही येतात. गहिनीनाथ प्रत्येकाला आधी चक्कीपाशी नेतो. "इथं आमची हीर व्हती," म्हणतो. पाहुणे मान हलवतात आणि विचारतात, "बरं, ते पीट कुठे आहे?"

वाचकांनी या पाहुण्यांना हसू नये. उकिरडा साडेचार फूट खोल, हे आपल्यालाही आता पाठ आहे. विहीर किती खोल होती, हे आपणही विचारलेले नाही.