चंद्राची लोकरी पँट

मनालीच्या गिर्यारोहण शिबिराचं पत्र आलं तेव्हा घरात हिमालयाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. सगळी चर्चा सामानाच्या यादीतल्या चौथ्या ओळीवर अडली. तिथं 'लोकरी पँट' असं लिहिलेलं होतं.

साल चौऱ्याहत्तरचं. टेमघरच्या केसरीनाथ पाटलांची चंद्रा ही एकुलती एक मुलगी, शेजारच्या भिवंडीतल्या शाळेत शिक्षिका. नाताळच्या सुट्टीतल्या या शिबिरासाठी तिची निवड झाली होती.

"आपल्या घरातल्या बाईनं आजवर पँट घातली न्हाय," केसरीनाथ म्हणाले. "जायचं तं लुगड्यात जा."

"बाबा, तिथं गुडघाभर बर्फ असतो. ओलं लुगडं पायाला चिकटलं तर पाय गारठतील."

"आक्का लुगड्यातच डोंगरावरनं लाकडाची मोळी आनायची. इचार तिला."

आक्का म्हणजे केसरीनाथांची थोरली बहीण. ती तांदूळ निवडत होती. "आनायची ना," ती म्हणाली. "पन तवा बर्फ नव्हता रं."

चंद्रानं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती कापड शोधायला निघाली. भिवंडीत दिवसरात्र माग खडखडत होते, पण लोकरीचं वारभर कापड काही मिळालं नाही. शेवटी तिनं एक जाड खाकी कांबळं घेतलं आणि शिंपीकाम करणाऱ्या गुलाम मास्तरांच्या टेबलावर ठेवलं.

मास्तरांनी कांबळ्याकडे पाहिलं, मग चंद्राकडे. "बाई, लेडीज का पँट मैंने कभी सिया नहीं. नाप भी नहीं लूँगा. घर में कोई मर्द होगा, उसका नाप ला दो. कमर में नाडा डाल दूँगा, चल जाएगा."

घरात पुरुष एकच. दुपारी केसरीनाथ ओटीवर झोपले असताना आक्कानं सुतळी घेऊन त्यांची कंबर आणि पाय मापले आणि सुतळीला गाठी मारल्या. पँट चार दिवसांत तयार झाली आणि पाचव्या दिवशी केसरीनाथांना दिसली.

ते चिडले नाहीत. त्यांनी अट घातली. "रविवारी गुमताऱ्याच्या डोंगरावर जाऊ. तू लुगड्यात चढ. जमलं तं पँटीचं नाव काढायचं न्हाय."

"आणि नाही जमलं तर?"

"मंग बघू."

रविवारी पहाटेच्या एस.टी.नं बापलेक डोंगराच्या पायथ्याशी उतरले. चंद्रा आक्काचं लुगडं कासोटा घालून नेसली होती. पँट पिशवीत घेतली होती, वाटेत लुगडं नडलंच तर घालायला म्हणून. पण लुगडं नडलं नाही. मनातून तिला कुठंतरी अडखळायला हवं होतं, तरी ती भरभर चढली. मुद्दाम पडणं तिच्या स्वभावात नव्हतं. वर पोचल्यावर केसरीनाथांनी समाधानानं भाकरी खाल्ली.

"बघितलंस?" ते म्हणाले.

"बघितलं," चंद्रा म्हणाली. तिनं भाकरीचं फडकं घडी करून पिशवीत ठेवलं.

उतरताना सुट्या दगडांवरून केसरीनाथांचा पाय सटकला. ते बसल्या बसल्या दहाबारा हात खाली घसरत गेले आणि करवंदीच्या जाळीपलीकडे थांबले. धोतर मात्र जाळीतच राहिलं, तेही चिंध्या होऊन.

"लागलं का, बाबा?"

"मला न्हाय लागलं. तू तिकडं तोंड कर."

चंद्रानं तोंड फिरवलं. थोड्या वेळानं जाळीमागून आवाज आला. "पिशवीत काय हाय?"

"भाकरीचं फडकं."

"ते टाक इकडं."

तिनं फडकं टाकलं. ते तसंच जाळीवरून परत आलं.

"चंद्रे, पँट दे."

पँट त्यांना कमरेपासून घोट्यापर्यंत नीट बसली. त्यांनी दोनदा खाली वाकून बघितलं. "ही तुझ्या मापाची हाय?" त्यांनी विचारलं. चंद्रा अजून तिकडंच तोंड करून उभी होती. ती तशीच पुढं उतरायला लागली.

डोक्यावर पांढरी टोपी, अंगात सदरा आणि खाली कांबळ्याची पँट, अशा वेषात केसरीनाथ भिवंडी स्टँडवर उतरले. टेमघरचा काळूराम तिथं सायकल धरून उभा होता.

"केसरीदादा, ह्ये काय?"

"डोंगरावरनं आलो," केसरीनाथ म्हणाले आणि चालायला लागले.

पाटलांकडे हिमालयाचं पत्र आल्याचं पोस्टमननं काळूरामला सांगितलं होतंच. पत्र कुणाच्या नावाचं, ते त्यानं विचारलं नव्हतं. त्यानं सायकलवर टांग मारली. बापलेक घरी पोचले तेव्हा ओटीवर दहाबारा माणसं जमली होती. शेजारच्या बायजाबाईनं केसरीनाथांना कुंकू लावलं आणि हातात नारळ दिला.

"या वयात हिमालय म्हंजी लय झालं," ती म्हणाली.

"तालीम करतायत डोंगरावर," काळूराम म्हणाला. "पँटबी शिवलीय. धोतर सोडलं आता कायमचं."

कुणीतरी हसलं. हिमालयाचं केसरीनाथांना काही वाटलं नसतं, पण धोतराचं बोलणं त्यांना सोसेना.

"मी कुटं जात न्हाय," ते म्हणाले. "चंद्रा चाललीय. आन् पँट तिची हाय."

 बायजाबाईनं त्यांच्या हातातला नारळ काढून घेतला आणि चंद्राच्या ओटीत घातला.

"पन दादा," काळूराम म्हणाला, "पोरीची पँट तुमी का घातलीत?"

केसरीनाथांनी पँटीवरची धूळ झटकली.

"ऊब बघत होतो. पोरीला बर्फात धाडायची, तं आदी बघायला नको?"