आधी पेट्रोल, शेवटी माणूस

आमच्या सोसायटीतले सोवनी माणसांशी कामापुरतं बोलतात आणि यंत्रांशी आदराने. माणूस असेल तर 'तुम्ही', यंत्र असेल तर 'आपण'. एकदा पाण्याचा पंप बंद पडला होता. सोवनी त्याच्यासमोर उकिडवे बसून अगदी हळुवारपणे विचारत होते, "काय होतंय आपल्याला?" मला वाटलं, मलाच विचारतायत. सकाळपासून माझं पोट बिघडलेलं होतं, ते मी सविस्तर सांगितलं. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "बर्वे, तुम्ही उजेड अडवताय. बराचसा."

'बराचसा' हे माझ्या घेराला उद्देशून होतं. मी बँकेत बसून काम करतो, आणि त्यातला बसण्याचा भाग फार मन लावून करतो.

सोवनींची सगळी नोकरी टेलिफोन खात्याच्या तक्रार विभागात गेली. "माझा फोन बंद आहे," असं कुणी कळवलं की त्यांचा पहिला प्रश्न असे, "कशावरून?" निम्म्या तक्रारी तिथेच मिटत. उरलेल्यांचा मात्र ते खांबाखांबाने माग काढत. पुढे ज्याच्या त्याच्या खिशात मोबाइल आला. "आता फोन बिघडला की लोक नवा घेतात," सोवनी म्हणायचे, "बिघाड शोधायचा असतो हेच विसरले." निवृत्त झाल्यावर त्यांनी आपलं खातं सोसायटीतच उघडलं. कोथरूडमधल्या आमच्या तीन इमारतींतले गीझर, लिफ्ट, शिलाई मशिनं, स्कूटरी, सगळ्यांची चौकशी त्यांच्याकडे. इंजिन असेल तर चौकशीचा क्रम ठरलेला, आणि तो ते संध्येतल्या मंत्रासारखा म्हणत: "आधी पेट्रोल, मग ठिणगी, मग हवा. शेवटी माणूस."

"माणूस शेवटी का?" मी एकदा विचारलं.

"आधी तपासला तर चिडतो."

या सोवनींच्या आयुष्यात ती गाडी आली ती अमेरिकेच्या कृपेने. कर्वेनगरच्या पुढे एक सॉफ्टवेअर कंपनी निघाली होती. काम अमेरिकेचं, म्हणून इमारतीभोवतीची हिरवळही अमेरिकन, आणि ती कापायला वर बसून चालवायची गाडी. लहानशा ट्रॅक्टरसारखी, पोटाखाली पाती फिरतात, आपण वर राजासारखं बसायचं. मग तिकडचं काम आटलं, कंपनी गुंडाळली आणि सामान विकायला काढलं. शहाण्या लोकांनी फिरत्या खुर्च्या घेतल्या. सोवनींनी गवतगाडी घेतली. आमच्या इमारतींच्या मागे नाल्यालगत बांधकामाला परवानगी न मिळालेला मोठा मोकळा तुकडा होता. त्याला आम्ही 'मैदान' म्हणायचो आणि पावसाळ्यात तिकडे जायचं टाळायचो.

टेम्पोतून गाडी उतरली तेव्हा सोवनीकाकू आरतीचं तबक घेऊन बाहेर आल्या. "अहो, हिला ओवाळू की तुम्हाला?"

"आधी त्यांना," सोवनी गाडीकडे बोट दाखवून म्हणाले.

काकू म्हणजे सोवनींच्या बरोबर उलट. बोलणं भरपूर, वाढणं त्याहून भरपूर. मिक्सरवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, चटणी पाट्यावरचीच. दर रविवारी सकाळी सोवनी मैदानावर गाडी फिरवायचे आणि प्रत्येक फेरीला तळमजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी वेग कमी करायचे. खिडकीच्या गजांमधून हात बाहेर यायचा, हातात थालीपिठाचा तुकडा, वर चटणी. गाडी न थांबवता घास घ्यायचा आणि पुढे जायचं. सोवनी तेव्हा सीटभर माणूस होते. मैदान दोन रविवारांतच चकचकीत झालं होतं, तरी ते वर्षभर गवत कापत होते. बरेचदा गवत नसलेल्या जागीसुद्धा.

मागच्या थंडीत काकू गेल्या. भेटायला येणाऱ्यांना सोवनींनी दारातच सांगितलं, "बसा. चहा मी करतो. फार बोलू नका." मुलगी कॅनडाहून आली, महिनाभर राहिली, "बाबा, तिकडे चला" म्हणाली. "तिकडे सगळं चालू असतं. मी काय करू?" असं म्हणून त्यांनी तिला विमानात बसवून दिलं. उन्हाळा असाच गेला. पाऊस पडला, गवत गुडघ्याच्या वर गेलं, सोवनींनी गाडी बाहेर काढली आणि गाडी बंद पडायला लागली.

बिघाड चमत्कारिक होता. ब्रेक दाबून किल्ली फिरवली की इंजिन सुरू व्हायचं. ब्रेक सोडून चार हात पुढे गेलं, एखादा खड्डा आला की फट्ट करून बंद.

नेमके तेव्हाच आमचे नवे सेक्रेटरी वानखेडे उत्साहात होते. वानखेडे अमरावतीचे, हिंजवडीला नोकरी, वय तिशीच्या आत, आणि स्वतःची नवी मोटार रस्त्यावर उभी करावी लागत असल्यामुळे दुःखी. "काका, नो ऑफेन्स," ते म्हणाले, "पण पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन मैदानावर आहे. तोपर्यंत गाडी चालली तर ठीक. नाहीतर ती भंगारात, अन् मैदानावर फरश्या टाकून पार्किंग. कमिटीचं ठरलंय."

सोवनींनी गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून विचारलं, "ऐकलंत आपण?"

मदतनीस म्हणून मी पुढे झालो. मला यंत्रातलं काही कळत नाही, पण ते इतरांना कळलेलं मला आवडत नाही.

आधी पेट्रोल. मी डबा घेऊन पंपावर गेलो आणि स्कूटरच्या सवयीने पेट्रोलमध्ये ऑइल घालून आणलं. सोवनींनी डबा नाकाशी नेला. "ह्यांना स्कूटर समजलात?" टाकी रिकामी करून पुन्हा भरली. गाडी चार हात गेली, फट्ट.

मग ठिणगी. त्यांनी प्लग काढला आणि मला म्हणाले, "ही वायर धरा. रबराला धरा." मी धरली. रबराला नव्हे. त्यांनी किल्ली फिरवली आणि मी जन्मात मारली नव्हती तशी उडी मारली. माझी मुलं गॅलरीतून टाळ्या वाजवत होती. सोवनी समाधानाने म्हणाले, "ठिणगी आहे."

मग हवा. फिल्टर गवताच्या कुसांनी भरला होता. तो झटकून बसवला. तरी फट्ट. तोवर गर्दी जमली होती. आता पुण्यात कुठलंही इंजिन बंद पडलं की जमलेल्या पुरुषांना एकच उपाय सुचतो. ज्या पिढीने रोज सकाळी स्कूटर आडवी करून, मग सरळ करून, मग किक मारून ऑफिस गाठलं, त्या पिढीचे आम्ही. सोवनी घरात पाना आणायला गेले होते, तेवढ्यात मी आवाज दिला, "आडवी करा रे!" पाचजणांनी हातभार लावला आणि ती अमेरिकन गाडी आम्ही कोथरूडच्या पद्धतीने कुशीवर निजवली. सरळ करून सुरू केली मात्र, इंजिनातलं ऑइल नको तिथे गेलेलं. असा पांढरा धूर निघाला की तिन्ही इमारतींच्या खिडक्या धडाधड बंद झाल्या. वरच्या आजी ओरडल्या, "डासांची फवारणी आली गं, ताटं झाका!"

सोवनी पाना हातात घेऊन धुरातून आले. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "बर्वे, तुम्हीही आता जरा आडवे व्हा. घरी जाऊन."

दुसऱ्या दिवशी सगळं पुसून, वाळवून झाल्यावर ते म्हणाले, "तुम्ही बसा बघू एकदा." मी बसलो. ब्रेक सोडला. गाडी निघाली ती निघालीच. खड्डे, दगड, नाल्याकडचा उतार, कुठेही अडखळली नाही. एकीकडचा जास्वंदीचा ताटवाही मी सफाचट केला, पण थांबली नाही. मी उतरलो, ते बसले. चार हात, फट्ट. पुन्हा मी. दौड.

माझ्या डोक्यात हवा जायला एवढं पुरे होतं. "काही माणसांचा हातच यंत्राला लागतो," मी घरी नीलाला सांगितलं. नीला माझी बायको. ती म्हणाली, "हात? तुम्ही गेल्या आठवड्यात बादलीची कडी तोडलीत." पण मी बँकेत सांगितलं, भाजीवाल्याला सांगितलं. वानखेड्यांना तर गाडीच्या स्वभावावर एक छोटं भाषण दिलं. सोवनी मात्र त्या दिवसापासून चौकशी थांबवून नुसते सीटकडे बघत बसायचे.

झेंडावंदनाच्या आदल्या दिवशी सकाळी इंजिनाचा आवाज आला म्हणून मी गॅलरीत गेलो. सोवनी एकटे गाडी चालवत होते. फेरीमागून फेरी, कुठेही न थांबता. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी जड, आणि एका हाताने ते लहान मूल धरावं तसं धरलेलं. खाली वानखेडे आणि मंडळी हसत होती. "काका, बेबी सिटिंग का?"

मी खाली गेलो. टॉवेलाची कड सरकली होती. आतून काळा दगड दिसत होता. काकूंचा पाटा.

"हे काय काका?"

त्यांनी इंजिन बंद केलं. "सीटखाली एक स्विच असतो. वर माणूस नसला की इंजिन बंद करतो. चालवणारा पडला तर पात्यांखाली येऊ नये म्हणून."

"पण तुम्ही तर बसलेले असता."

"त्याला पटत नाही." ते पाट्यावरचा टॉवेल नीट करत म्हणाले. "वजन कमी पडतं. खड्ड्यात उडालो की त्याला वाटतं, गेला."

तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघितलं. पँट पट्ट्याने गोळा करून बांधलेली. शर्टात दुसरा माणूस मावेल. रोज दिसणारा माणूस मी कित्येक महिने बघितलाच नव्हता. शिवाय माझा यंत्राला लागणारा हात! त्या गाडीने माझ्या हाताला नव्हे, बैठकीला मान दिला होता.

"पाटा सीटवर ठेवून बसायचं ना," काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो. "मांडी अवघडेल."

"पाट्यावर बसतात का?"

"मग त्या स्विचच्या वायरी जोडून टाका. कटकटच मिटेल."

"म्हणजे माणूस नसला तरी चालूच राहायचं?" सोवनी म्हणाले. "नको. तेवढी एक गोष्ट त्यांना बरोबर कळते." आणि त्यांनी किल्ली फिरवली.

झेंडावंदन झालं. मैदान गालिच्यासारखं होतं. पार्किंगचा विषय वानखेड्यांनी पुढच्या सभेवर ढकलला आणि पुढच्या सभेत कुणी काढला नाही.

मी नीलाला सगळं सांगितलं. तिने त्याच दुपारी डबा भरून दिला. सोवनींनी तो दारातूनच परत केला. "मी काय आजारी आहे? करतो मी माझं." काय करतात ते मी मागच्या टेबलावर पाहिलं: चहाचा कप, आणि चुरमुऱ्यांचा डबा.

"डबा नको म्हणतात ना?" नीला म्हणाली. "मग तक्रार द्या."

आणि इथे माझा आयुष्यभराचा अनुभव कामी आला. वस्तू बिघडवणं हे एकच काम मी शिकवणीशिवाय करू शकतो. पहिल्या दिवशी मिक्सर. बरोबर जेवायच्या वेळी मी सोवनींच्या दारात. "मिक्सर बंद पडलाय." "कशावरून?" पण स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊनच ते निघाले. मिक्सर सुरू झाल्यावर नीला म्हणाली, "काका, नीट वाटतोय की नाही हे चटणी खाल्ल्याशिवाय कसं कळणार?" चटणी नुसती कशी खायची, म्हणून भाकरी. भाकरी कोरडी, म्हणून पिठलं. "मिक्सरची चटणी भाजल्यासारखी लागते," असा शेरा मारून ते दोन भाकऱ्या जेवले.

मग कुकरची शिट्टी, पंखा, दारावरची घंटा. काही दिवसांनी माझ्याकडचे बिघाड संपत आले आणि मी सरळ स्वयंपाकघराचा फ्यूज काढून ठेवला. सोवनींनी बोर्ड उघडला. बराच वेळ आत बघत राहिले.

"बर्वे, हा फ्यूज परवा मीच बसवला. काढला कुणी?"

"काढला, हे कशावरून?" मी म्हणालो.

त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. मग ताट मांडत असलेल्या नीलाकडे. मग खिशातून रुमाल काढून हात पुसले, पाटावर बसले आणि म्हणाले, "आमटी वाढा. फ्यूज नंतर."

त्यानंतर मी काही बिघडवलं नाही. ते वेळेवर यायचे, "काही तक्रार?" असं दारातून विचारायचे आणि जेवायला बसायचे. आमच्या घरी कधी नव्हे ते सगळं चालू होतं.

दिवाळीच्या तोंडावर एका रविवारी मैदानावर गाडीचा आवाज होऊन गेला आणि थोड्या वेळाने दाराची घंटा वाजली. सोवनी उभे होते. शर्ट अंगाला लागत होता, श्वास जरा फुललेला. हातात टॉवेलाचं गाठोडं. ते सरळ आत गेले आणि गाठोडं ओट्याखाली हळूच टेकवलं.

"टाकी लावून आणलाय," ते नीलाला म्हणाले. पाट्याचे नवे टवके पांढरेशुभ्र दिसत होते. "चटणी आता ह्याच्यावर करत जा. शेंगदाण्याची असेल तर वरवंटा हलका फिरवायचा. ती तसा फिरवायची."

"पण काका, गाडीचं काय?" मी विचारलं.

"चालते की."

ते दाराशी गेले, चपला घातल्या, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता त्या सीटवर आम्ही दोघं मावत नाही."