मिटकरी सर आणि चौथी पेटी

मिटकरी सरांनी आमच्या कॉलेजच्या लॅबमधले सगळे माऊस कपाटात घालून कुलूप लावलं होतं. एखाद्या मुलानं धीर करून माऊस मागितलाच, तर सर चष्म्यावरून त्याच्याकडे बघत.

"लहान लेकरू लाडवाकडं बोट दाखवतं. तुला तोंड फुटलंय न्हवं? मग बोट कावून दाखवायलास? बोल की त्याच्याशी!"

बोलायचं म्हणजे कीबोर्डवरून आज्ञा टाइप करायची. सर स्वतः मात्र खरोखरच बोलत. एका मासिकाबरोबर मिळालेल्या सीडीवरून त्यांनी एका जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स चढवलं होतं. मुलांना ते अरे-तुरे करत, त्या कॉम्प्युटरला अहो-जाहो. "बसा निवांत. आता सांगा, काय काय हाय तुमच्याकडं?" असं म्हणत ते टाइप करत आणि पडद्यावर जे उमटेल ते ओळ न ओळ मोठ्यानं वाचत. बाहेरून जाणाऱ्याला वाटे, आत कुणी पाहुणे आलेत.

मी तेव्हा तासिका तत्त्वावर नुकताच लागलो होतो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. माझ्या नावापुढं बी.एस्सी. लिहिलेलं दिसलं की वडील शेजाऱ्यांना दाखवायला नेत. पण कॉम्प्युटर मला खऱ्या अर्थानं शिकवला तो सरांनी, आणि हे मी कुठंही सांगतो. माझं गाव पाली, म्हणून सर मला पालीकर म्हणत.

ब्रॉडबँड तेव्हा तालुक्याला नवीनच आलं होतं. संस्थेनं हौसेनं चार अ‍ॅक्सेस पॉइंट आणले. वायर न ओढता इंटरनेट पोचवणाऱ्या, दोन शिंगांच्या पांढऱ्या पेट्या. एक लॅबच्या गच्चीवर, एक ऑफिसात, एक ग्रंथालयात. चौथीवरून भांडण लागलं. प्राचार्यांना ती स्वतःच्या बंगल्यावर हवी होती. सरांना हवी होती मैदानापलीकडच्या मुलींच्या वसतिगृहावर.

"पोरींना पाचनंतर बाहेर सोडत न्हाईत," सर म्हणाले, "आन् पाचपर्यंत लॅबमधी पोरं खुर्च्या सोडत न्हाईत. मग त्यांनी शिकायचं कवा?"

वसतिगृहाच्या भोजनगृहात देणगीतून आलेला एक कॉम्प्युटर होता. त्याच्यावर लोणच्याची बरणी ठेवत.

प्राचार्य शेवटी म्हणाले, "ठीक आहे. शनिवारी संध्याकाळपर्यंत तिकडं चालू झालं तर राहील तिकडं. नाही तर पेटी बंगल्यावर."

चारी पेट्यांवर एकाच ठिकाणाहून नजर ठेवणारं एक सॉफ्टवेअर सरांनी शोधून काढलं होतं. कोणती पेटी जागी, कोणती झोपलेली, कुणाला कोणता कॉम्प्युटर जोडलेला, हे सगळं एका पडद्यावर दिसणार. ते लिनक्सवर बसवायला आम्ही बसलो आणि रुसवेफुगवे सुरू झाले. हे सॉफ्टवेअर म्हणे, आधी अमुक आणा. अमुक आणावं तर ते म्हणे, माझ्याआधी तमुक.

मी वैतागलो. सर खुशीत होते. "लग्नघर हाय हे, पालीकर. नवरदेवाला आणायचं तर आधी मामा आणा. मामा म्हणतो, मेव्हण्याला बोलावणं न्हाई, मी कसा येऊ? मानपान करावा लागतो. चिडून कसं चालंल?"

मेव्हणा अर्धा उतरला की लोडशेडिंगची वेळ होई. सर शांतपणे कॉम्प्युटरवर सत्कारात मिळालेली शाल पांघरत आणि म्हणत, "पडा जरा."

शुक्रवारी वसतिगृहाच्या गच्चीवर चौथी पेटी बसली आणि सगळी वऱ्हाडी मंडळी जमली. पडद्यावर चार ओळी आल्या. चौथी वसतिगृहाची. सरांनी पडद्याला हात जोडले.

शनिवारी सकाळी बघतो तर तीनच ओळी. चौथी गायब.

सरांनी सगळं पुन्हा तपासलं. सॉफ्टवेअर काढून पुन्हा बसवलं. मामा, मेव्हणा, सगळ्यांना नव्यानं आमंत्रण. दुपार टळली तरी तीनच. प्राचार्यांनी शिपायाकडून निरोप धाडला: बंगल्यावर खिळा ठोकून ठेवलाय. सरांचा चेहरा उतरला. पहिल्यांदाच ते कॉम्प्युटरवर ओरडले, "अहो, बोला की काहीतरी!"

शेवटी आम्ही ऊन तुडवत वसतिगृहावर गेलो. सर तिथं जाताना मान खाली घालून, स्वतःच्या चपलांकडं बघत चालत. रेक्टर नसीमबाई फाटकातच भेटल्या.

"सर, पेटी तर जागच्या जागी हाय. काल सांजच्याला तुमी घमेलं झाकून गेलतात, त्याला कुणी हातबी लावला न्हाई."

"कसलं घमेलं?" मी विचारलं.

सर चपलांकडंच बघत राहिले. "ऊन लई हाय, पालीकर. लेकरावानी नाजूक वस्तू. म्हटलं तापू न्हाई."

लोखंडी घमेलं! वरून दगड ठेवून घट्ट बसवलेलं. लॅबच्या गच्चीवरून हवेतून येणारा सिग्नल त्यातून आत शिरणार कसा? नसीमबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मी शिडीवरून वर गेलो, घमेलं उचललं. थोड्या वेळानं खालच्या खिडकीतून मुलींचा ओरडा ऐकू आला, "आलं! आलं!" सर गाभाऱ्याबाहेर थांबावं तसे फाटकाच्या आत न येता, वसतिगृहाकडं पाठ करून उभे होते. प्राचार्य स्वतः येऊन बघून गेले आणि "बरं, राहू द्या" म्हणाले.

"सर, तुमी सकाळपासून उपाशीच की," नसीमबाई म्हणाल्या. "पोरींनी भरीत-भाकरी केलीय. दोन घास खाऊन जा."

"न्हाई बाई. घरी वाट बघत्यात," सर म्हणाले आणि भराभरा निघालेसुद्धा.

सरांच्या पत्नी मागेच वारल्या होत्या. मुलगा पुण्याला. त्यांच्या घराला दिवसभर कुलूप असे. नसीमबाईंना ते ठाऊक नव्हतं, मला होतं.

शिडी परत ठेवायला मी लॅबवर आलो, तर सर तिथंच. टेबलावर सकाळी स्वतः भरून आणलेला जेवणाचा डबा होता, झाकण न उघडलेला. ते पडद्याकडं बघत बसले होते. चार ओळी होत्या, आणि चौथीखाली वसतिगृहाच्या कॉम्प्युटरचं नाव.

"सर, जेवला नाहीत?"

"बसा," ते हळूच म्हणाले.

मी बसलो. बऱ्याच वेळानं ते नाव पडद्यावरून गेलं. पेटीची ओळ तेवढी तशीच राहिली. मी दचकून पुढं झालो.

"बिघडलं न्हाई काही," सर म्हणाले. "बाईंनी बंद करायला लावलं असंल. पोरी जेवायला बसल्या."

मग त्यांनी डबा उघडला, भाकरीचा अर्धा भाग माझ्यापुढं सारला आणि पहिला घास तोडला.