परबकाकूंची मंडळी

अन्याय परबकाकूंवर झाला. गेल्या मंगळवारी, सकाळी सव्वादहाला, कांजूरमार्ग पूर्वेच्या आमच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या जिन्याच्या खिडकीत. डासांची तपासणी होणार म्हणून सेक्रेटरींनी काकूंच्या लोणच्याच्या बरणीत बाटलीभर फिनेल ओतलं.

बरणीत लोणचं नव्हतं. खाडीचा चिखल होता.

हसू नका. काकूंची सगळी नोकरी कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेली. त्या चिखलात जिवाणू असतात; एकेक जिवाणू म्हणजे एकेक जिवंत पेशी. पोटभर मिळालं की ते किंचित वीज सोडतात. जुन्या सेलमधल्या दोन कोळशाच्या कांड्या, दोन वायरी, इलेक्ट्रिशियनचा मीटर, झालं यंत्र. पाण्यात विषारी काही पडलं की मंडळी मलूल, आकडा खाली. ‘मंडळी’ हा काकूंचाच शब्द. मंडळींना रोज चमचाभर पेज.

काकू काहीही तपासायच्या. माझ्या आईचा खोकल्याचा काढा. सेक्रेटरींचं आफ्टरशेव्ह. “आकडो झोपलो बघ! ह्यो माणूस तोंडाक काय लावता रे?” हे सेक्रेटरींनी ऐकलं होतं.

मे महिन्यात इमारतीची पाण्याची टाकी धुतली, त्या सकाळी नळाचं पाणी घालताच आकडा धाडकन उतरला. काकू ताट बडवत चारही मजले फिरल्या, “पाणी भरू नकात!” टाकीत धुण्याची पावडर तशीच राहिली होती. सेक्रेटरी म्हणाले, “योगायोग.”

मंगळवारी मी धावलो. वाटलं, काकू सेक्रेटरींना सोडणार नाहीत. काकू मीटरसमोर बसून वहीत आकडे लिहीत होत्या.

“काकू, बोला ना त्यांना काहीतरी!”

“थांब रे. मंडळी अजून सांगतत.”

शून्य आल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. “मेले, पण शेवटपर्यंत खरा बोलले.”

वही मी चाळली. रोज सकाळी सातचा आकडा आणि पुढे एकच ओळ: ‘विचारलं. बरे आहेत.’ तीन वर्षांत एक दिवस खाडा नाही. काकू एकट्या राहतात, त्या घरात विचारायला दुसरं कोणी नाही, हे मला माहीत होतं. जगभरच्या अन्यायाची पत्रकं वाटायला मी रोज त्याच जिन्याने उतरतो.

काकूंनी नवा चिखल बसवलाय, स्वतः मजेत आहेत. ‘जिन्यात बरण्या ठेवू नयेत’ ही नोटीस मी फाडली, लपवत नाही. पण नवी मंडळी बोलायला लागेपर्यंत दोन-तीन आठवडे जातील. तोवर तुम्ही या. सकाळी सातला, तिसरा मजला, वाटीभर पाणी घेऊन. पाणी चांगलं असेल, तरी आणा. आणि वाटी पुढे करण्याआधी विचारा, “काकू, बऱ्या आहात ना?”