सगुणाबाईसाहेबांनी नवा उतार निवडिला त्याची हकीकत

श्री गजानन प्रसन्न. ज्याचे कृपेने उंच शिखरी बर्फ वेळेवर पडते आणि वेळेवर वितळते, त्या गिरिजापतीस नमन करून लिहिणार लिहितो ऐसीजे. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, मार्गशीर्ष शुद्ध पंचमीचे दिवशी राज्यात मसलत जाहली, तिची हकीकत साद्यंत ऐकावी.

राज्य सपाटीचे आणि उष्ण, बर्फ म्हणोन लोकांनी पाहिले ते सरबतातलेच. परंतु महाराज खंडेराव यांस तरुणपणी पायास लांब फळ्या बांधून बर्फावरून घसरण्याचा नाद लागला, आणि लग्न जाहलियावर त्यांनी तो राणीसाहेब सगुणाबाई यांसही लाविला, आणि मग एकोणीस हिवाळे उभयतांची स्वारी उत्तरेकडील थोरल्या उतारावर जात असे. तेथे दोरावरून पाळणे फिरतात, त्यांत बसोन वर जावे आणि घसरत खाली यावे, ऐसे दिवस सुखात गेले. मग महाराजांस दुखणे लागले आणि ते दोन वर्षांमागे कैलासवासी जाहले. राज्याचा भार बाईसाहेबांवर आला, तो त्यांनी उचलिला, कोठे उणे पडो दिले नाही. गेले साली मंडळींचे आग्रहावरून त्या थोरल्या उतारावर गेल्या, तो मुक्कामाची खोली तीच, पाळण्याचा रखवालदार तोच, तो महाराजांचे नाव काढून रडला, आणि मिठाईवाला रडला, आणि ओळखीची राजेमंडळी भेटली त्यांनी दुखवट्याचे शब्द काढिले. गर्दी तर ऐसी की पाळण्यासाठी दोन दोन घटका रांगेत उभे राहावे आणि रांगेतही तेच शब्द ऐकावे. बाईसाहेब सर्वांची समजूत घालून थकल्या आणि तिसरे दिवशी पायास फळी न लाविता माघारी फिरल्या.

यंदा थंडी पडो लागली तेव्हा त्यांनी फळ्यांचे कोठीवरील जिवाजी नाईक यांस आज्ञा केली की सर्व फळ्या कोणास तरी देऊन टाकाव्या. जिवाजी साठीचा माणूस, फळ्यांस मेण चोळण्यात जन्म गेलेला, त्याने हात जोडून इतकेच मागितले की आधी दुसरी जागा पाहावी, मग देणेच तर द्याव्या. बाईसाहेबांस त्याचा शब्द मोडवेना, म्हणोन मसलत बोलाविली.

दिवाण बाळाजीपंत यांनी पश्चिमेकडील एक नामांकित उतार सुचविला, जेथे चारी दिशांचे राजे उतरतात. सरलष्कर रंगराव यांनी समुद्रापलीकडील डोंगर सांगितला, तेथे तळे आहे, बाजार आहे, मेजवान्या होतात. बाईसाहेब प्रत्येकास एकच पुसत की तेथे आम्हांस कोणी ओळखते काय, आणि प्रत्येकजण अभिमानाने सांगे की सर्व थोर मंडळी ओळखतात, आणि दर उत्तरास बाईसाहेबांची मुद्रा अधिक उतरे, पण त्याचे कारण कोणाचे ध्यानी येईना. मग जिवाजीने अर्ज केला की आपण तरुणपणी फळ्यांचे लाकूड पाहण्यास गेलो होतो, तेथे एका खोऱ्यात सात घरांची वस्ती आहे, लोक गवत आणावयास आणि सोयऱ्यांकडे जावयास फळ्या बांधितात, महाल नाही, पाळणा नाही, दिवसभर आपल्या पायांनी चढावे आणि एकदा घसरावे. आणि शेवटी म्हणाला, "हुजूर कोण, हे तेथे कोणास ठाऊक नाही."

बाळाजीपंतांचे तोंड पडले. त्यांनी कळवळून सांगितले की हुजुरांचे वय बावन्न, उजवा गुडघा दुखरा, तेथे काही झाले तर दहा कोसांत वैद्य मिळणार नाही. बाईसाहेब म्हणाल्या, "पंत, तुमची काळजी खरी आहे. वैद्य बरोबर घेऊ. पण जाऊ तेथेच."

मग पौषात स्वारीने कूच केले, पुढे गाडीवाट सरली, खेचरे केली, आणि वैद्य व जिवाजी ऐसी दोनच माणसे बरोबर घेऊन बाईसाहेब खोऱ्यात पोहोचल्या. अंगमो नावाचे एका बाईचे घरी उतरल्या. ती चाळिशीची, बोलणे तोडून टाकल्यासारखे. तिने नाव पुसिले, गाव पुसिले, आणि चुलीजवळ जागा करून दिली, याउपर चौकशी नाही. दुसरे दिवशी तिने फळ्यांचे तळास केसाळ पट्टे बांधून दिले, जेणेकरून चढताना पाय मागे सरकू नये, आणि दोघी चालो लागल्या. प्रहरभर चढल्या. बाईसाहेबांस दम लागला, गुडघा ठणको लागला, आणि अर्धे वाटेवर त्या बर्फातच बसल्या आणि रडो लागल्या. दोन वर्षांत दुसऱ्यांचे डोळे पुसले होते, आपले ते आज वाहिले. अंगमोने समजूत घातली नाही, काय जाहले म्हणोन पुसिले नाही, शेजारी बसोन आपले फळीचा पट्टा नीट करीत राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "बाई, वर जायचे की खाली? ऊन आहे तोवर सांगा."

बाईसाहेबांनी तोंड धुतल्यासारखे बर्फ गालास लाविले आणि म्हणाल्या, "वर."

माथ्यावर पोहोचल्या तो खाली सगळा उतार कोरा. एकोणीस हिवाळे महाराज पुढे जात आणि त्या त्यांचे मागाने उतरत, हे त्यांस तेथे उभे राहिल्यावरच उमगले, कारण पुढे माग नव्हता आणि पाय हलेना. अंगमोस पुढे होण्यास सांगावे ऐसे मनात आले, ओठावरही आले, परंतु सांगितले नाही. मग तळाचे पट्टे सोडिले, काठ्या रोविल्या आणि निघाल्या. पहिले वळणावर पडल्या, उठल्या, झाडांपाशी पुन्हा पडल्या, आणि मग अंग आपोआप झुकू लागले, जैसे जुने शिकलेले झुकते, आणि वाऱ्याने डोळ्यांस पाणी आले ते वाऱ्याचेच होते. खाली जिवाजी उभा होता. त्याने फळ्या सोडविल्या.

सायंकाळी चुलीजवळ बाईसाहेब अंगमोस आपण होऊन सांगो लागल्या की आमचे हे एकोणीस वर्षे एकाच वळणावर पडत आणि दर वेळी दोष फळीस देत, आणि हे सांगता सांगता हसू फुटले, आणि अंगमोही हसली, आणि वैद्य कोपऱ्यात चकित होऊन पाहत राहिला, कारण महाराजांचे नावावर हुजुरांस हसताना त्याने प्रथमच पाहिले.

पाचवे दिवशी दिवाणांचे पत्र आले की जागा पसंत असल्यास तेथे बंगला बांधू, पाळणाही बसवू. उत्तर गेले ते ऐसे: "जागा पसंत आहे. बंगला नको, पाळणा नको. गुडघा दुखतो, पण चालतो. आम्ही आणखी आठ दिवस राहतो."

येणेप्रमाणे थोर थोर उतार सोडून सात घरांचे खोरे निवडिले गेले, आणि राज्याची धनीण आपले पायांनी चढोन आपले मागाने उतरली. घडले ते लिहिले, वाढविले नाही. वाचणाऱ्याचे कल्याण असो.