सर्वानुमते जेवत का नाही?

सुरुवातीलाच सांगून टाकतो. माझ्यासारखा माणूस शतकातून एकदाच जन्माला येतो, आणि या शतकाचा नंबर माझ्यावर पडला, त्याला माझा इलाज नाही. नजर घारीची, कान सशाचे. नाकाबद्दल मी स्वतःच बोलणं बरं दिसणार नाही. एकतीस वर्षं मी लोकांच्या जिन्याखाली वाकून विजेचे मीटर वाचले. नुसती फिरती चकती बघून घरात नवा फ्रीज आलाय की पाहुणे आलेत हे मी सांगायचो. असा माणूस निवृत्त झाल्यावर गुप्तहेर नाही होणार तर काय पापड वाळत घालणार? आजवर मी सात प्रकरणं हाताळली. सहा दुसऱ्यांनी सोडवली, पण हाताळली मी. सातवं शेजाऱ्यांच्या हरवलेल्या छत्रीचं. तपास चालू आहे. ती छत्री आमच्याच दारामागे आहे असं बायको म्हणते, पण घरच्यांच्या साक्षीला मी फारसं महत्त्व देत नाही.

हे आठवं प्रकरण. चार दिवसांची जोडून सुट्टी होती. शनिवारी सकाळी मी चहाचा दुसरा कप हातात घेतला आणि दारात माझे साडू उभे राहिले. चेहरा पार उतरलेला.

"ती जेवत नाहीये हो," असं म्हणून ते मटकन खुर्चीत बसले.

"कोण, मेहुणी?"

"ती कशाला जेवणार नाही? घोडी! माझी घोडी!"

साडूंचं चष्म्याचं दुकान आहे. आठवडाभर ते लोकांना खालची ओळ दिसते का विचारतात आणि रविवारी रेसकोर्सवर जाऊन स्वतः डोळे मिटून पैसे लावतात. अठरा वर्षं हा माणूस कठड्याला टेकून दुसऱ्यांच्या घोड्यांसाठी घसा कोरडा करत आला. शेवटी गेल्या वर्षी अकरा जणांना गोळा करून त्यांनी स्वतःची घोडी घेतली. म्हणजे तिचा बारावा हिस्सा. नावावरून बारा जणांत इतके वाद झाले की नोंदणीचा शेवटचा दिवस उजाडला. वैतागलेल्या कारकुनाने विचारलं, "काय ठरलं सर्वानुमते?" कोणीच उत्तर देईना, तेव्हा त्याने तोच शब्द रकान्यात लिहून टाकला. तेव्हापासून घोडीचं नाव सर्वानुमते.

"शुक्रवारपासून दाण्याला तोंड लावत नाही," साडू सांगू लागले. "डॉक्टर बघून गेले, ठणठणीत आहे म्हणाले. सोमवारी तिची शर्यत. ट्रेनर म्हणतो, उद्या संध्याकाळचा दाणा खाल्ला नाही तर नाव मागे घेणार. आणि आमच्यात ठरलंय, या वेळी पहिल्या तिनात आली नाही तर विकायची. बाकीच्यांचा धीर सुटलाय. लांबच्या गावचं गिऱ्हाईकही तयार आहे."

"मग विका की. पैसे येतील."

साडूंनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत बसले. "पैसे घेऊन काय करू? दर रविवारी मी तासभर तिच्याशी बोलतो. दुकानातलं, घरातलं, सगळं. ती कान हलवून ऐकते. माझं इतकं कोणी ऐकत नाही हो. ती गेली तर रविवारी मी जाऊ कुठे?"

मला एकदम गलबलून आलं. साडू म्हणजे माझ्याच बोटीतला माणूस, एकाच सासऱ्याचा जावई. मी उठून उभा राहिलो. "तुमची घोडी जेवणार आणि पळणार. हा माझा शब्द."

"शब्द देऊ नका," स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला. "बिस्किटांचा पुडा ठेवलाय, तो पिशवीत टाका. उपाशी राहिलात की तुमचं डोकं आणखी चालतं."

तबेला रेसकोर्सच्या मागच्या अंगाला होता. समोरासमोर दोन ओळी, अर्ध्या उंचीची दारं, प्रत्येक दाराबाहेर पाटीवर खडूने घोड्याचं नाव आणि खाली पाण्याची बादली. सर्वानुमते तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका. तिच्यापुढे दाण्याची पाटी भरलेली, आणि ती त्या पाटीकडे बघायलाही तयार नव्हती. तिची निगा राखणारा मोतद्दार शेजारी पेंढा सारखा करत होता. पन्नाशीचा, रबरी बूट घातलेला, कमी बोलणारा माणूस. मी त्याला लगेच संशयितांच्या यादीत पहिला नंबर दिला.

"साहेब, मी एक सांगू का?" तो म्हणाला.

"विचारल्याशिवाय संशयिताने बोलायचं नसतं," मी त्याला समजावलं. तो पुन्हा पेंढ्याकडे वळला.

मी भिंग काढलं. अवघ्या पाच मिनिटांत पहिला पुरावा हाती लागला. घोडीच्या ओठांवर नारिंगी डाग होते! मी साडूंना बाजूला घेतलं.

"लिपस्टिक," मी हळूच म्हणालो. "या प्रकरणात बाई आहे."

साडू गोरेमोरे झाले. "घोडीला लिपस्टिक कोण लावेल?"

"लावलेली नाही. कोणीतरी मुका घेतलाय, आणि मग कानात काहीतरी लागेल असं बोललंय. अन्नावरची वासना उडायला तेवढं पुरतं."

बारा मालकांत दोन बायका होत्या, केस कापण्याचं दुकान चालवणाऱ्या दोघी बहिणी. पण त्या आल्या तेव्हा दोघींचे ओठ कोरडे ठणठणीत. सिद्धांत पडला. मी खचलो नाही. दुसरा सिद्धांत तयारच होता.

"साडू, तुमचा बारावा भाग घोडीचा नेमका कुठला?"

"म्हणजे?"

"बारा जणांत घोडी वाटलीय ना? कोणाचा पाय, कोणाची पाठ. मला फक्त एवढं सांगा, तोंड कोणाच्या वाट्याला आलंय?"

"अहो, असं वाटत नाहीत! सगळीच घोडी सगळ्यांची."

"इथेच चुकलात," मी मान हलवली. "सगळ्यांची म्हणजे कोणाचीच नाही. जिन्यातला दिवा सगळ्यांचा असतो, म्हणून तो कायम गेलेला असतो. मी एकतीस वर्षं अंधारात मीटर वाचलेत."

"साहेब, मी एक..." मोतद्दाराने पुन्हा सुरुवात केली. मी हात वर करून त्याला थांबवलं.

दुपारी शर्यती होत्या. तपासाच्या निमित्ताने मीही थोडे पैसे लावले. पहिल्या शर्यतीत चालीवरून ताडलेला घोडा सुटलाच नाही, उभ्या जागी जांभई देत राहिला. दुसऱ्यात जॉकीच्या बुटाची नाडी बघून निवडलेला घोडा शेवटून पहिला आला. तिसऱ्यात मी साडूंचं ऐकलं आणि आम्ही दोघेही बुडालो. पण साडूंचं चित्तच तिथे नव्हतं. ते सारखे तबेल्याच्या छपराकडे बघत होते.

मग मी स्वतः पहाऱ्याला बसलो. शनिवारी संध्याकाळपर्यंत, आणि रविवारी सकाळी सातपासून पुन्हा. डोळ्यांत तेल घालून. मालक सुट्टीमुळे एकेक करून येत होते. आधी दातांचे डॉक्टर आले, मग निवृत्त मुख्याध्यापक, मग दोघी बहिणी, मग बाकीचे. प्रत्येकाचं म्हणणं एकच, "जरा दोन मिनिटं एकट्याने भेटू द्या तिला. बिचारी जेवत नाही." मी प्रत्येकाची पिशवी तपासायचो. विष वगैरे काही नव्हतं, नुसती भाजी. सुट्टीच्या दिवशीही बायकांनी या माणसांना भाजी आणायला पिटाळलं होतं, याचं मला फार वाईट वाटलं. पिशवी परत देऊन मी आदबीने पाठ फिरवायचो. भावनेच्या प्रसंगी गुप्तहेराने मध्ये येऊ नये.

मधल्या वेळात मी खुद्द घोडीची जबानी घेतली. घोडी साक्षीदार म्हणून फार उत्तम. खोटं बोलत नाही, मध्ये तोडत नाही. तिचा विश्वास बसावा म्हणून मी बराच वेळ दिला. बोलता बोलता बिस्किटांचे पुडे एकामागून एक कधी संपले ते आम्हा दोघांनाही कळलं नाही.

रविवारी अकरा वाजता ट्रेनर आला. उंच, किडमिडीत, गळ्यात स्टॉपवॉच. त्याने भरलेली पाटी बघितली, मग माझ्याकडे बघितलं. "गुन्हेगार सापडला?"

"जाळं आवळत आणलंय."

"संध्याकाळी सहाला दाणा घालणार. नाही खाल्ला तर सहा वाजून पाच मिनिटांनी नाव मागे." तो निघून गेला. साडू घोडीच्या मानेवर हात ठेवून उभे होते. ते काही बोलले नाहीत, आणि घोडी कान हलवून तेही ऐकत होती.

इतक्यात माझी बायको डबा घेऊन आली. घामाघूम, चिडलेली.

"तीन दुकानं पालथी घातली," ती म्हणाली, "गाजर म्हणून औषधाला नाही. भाजीवाली म्हणते, शुक्रवारपासून रोज सकाळी घोडीवाले येतात आणि टोपल्या रिकाम्या करून जातात."

"अगं, इथे एका जीवाचा प्रश्न आहे आणि तू गाजरं काय घेऊन बसलीस?"

तिने घोडीकडे बघितलं. घोडीच्या नारिंगी ओठांकडे बघितलं. मग तिने अशी गोष्ट केली जी तपासाच्या कुठल्याही शास्त्रात बसत नाही. ती मोतद्दाराकडे वळली आणि म्हणाली, "दादा, तुम्हाला काय वाटतं?"

दोन दिवस अडवून धरलेलं धरण फुटलं. "ताई, तेच तर सांगतोय कधीपासून! बारा मालक आहेत. ट्रेनरसाहेबांनी बजावलंय, कोणी काही खायला घालायचं नाही. एरवी रविवारी हे चष्मेवाले सोडले तर कोणी फिरकत नाही. आता सुट्टी, रोज सगळे येतात. प्रत्येक जण म्हणतो, एवढं एकच गाजर देतो, साहेबांना सांगू नकोस, तिचा मालक आहे मी. एकच गाजर म्हणजे पिशवीभर! ती जेवत नाही कळल्यावर तर माया आणखीच उतू गेली. मी ओरडून नाही म्हटलं तर बारा मालकांतला कोणीतरी मला कामावरून काढेल. पोट फुटायची वेळ आलीय तिची, दाणा कुठे घालेल?"

मी साडूंकडे वळलो. "ऐकलंत? अकरा जणांनी तुमचा विश्वासघात केलाय!"

साडू आपल्या चपलांकडे बघत होते. "बारा," ते पुटपुटले. "मी फक्त सोललेली देतो. बारीक तुकडे करून."

मग काय, बायकोने सूत्रं हातात घेतली. मालकांना फोन गेले. दुपारी दोन वाजता बाराही जण तबेल्यापुढे खाली मान घालून ओळीने उभे होते. मुख्याध्यापकांना असं उभं राहायची सवय नव्हती, त्यांचे कान लाल झाले होते. प्रत्येकाला वाटत होतं की गाजर आपणच एकटे देतो आणि घोडीचा जीव जडलाय तो आपल्याच एकट्यावर. खरं कळल्यावर दोघी बहिणींतली धाकटी मुसमुसून रडली. बायकोने सगळ्यांच्या पिशव्या जमा केल्या आणि मोतद्दाराला दाराशी स्टूल टाकून बसवलं. मला तिने फाटकाबाहेर बसवलं.

सहाला दाणा पडला. साडूंनी माझा दंड इतका घट्ट धरला की बोटं उमटली. सर्वानुमतेने पाटी हुंगली, मान वळवली, पुन्हा हुंगली. मग कुरूम कुरूम आवाज सुरू झाला आणि पाटीचा तळ दिसेपर्यंत थांबला नाही. साडूंनी मोतद्दाराला मिठी मारली.

"जेवली, पण पळेल का?" ट्रेनरने विचारलं. "पुढच्या घोड्यांच्या मागून निवांत येते ती. घाई कसली ते तिला कळतच नाही."

"मग घाईचं कारण द्या," बायको म्हणाली. "तीन दिवसांत तिला या बारा तोंडांची ओळख पटलीय. तोंड दिसलं की गाजर. उद्या उभे राहू द्या बाराही जणांना शर्यतीच्या रेषेपलीकडे. हातात गाजर, हात वर."

ट्रेनर हसला. तो हसतो हे मोतद्दारालाही माहीत नव्हतं.

सोमवारी गाजरं भाजीवालीने दिली, तीही आदल्या दिवशी बायकोने जमा करून तिला परत विकलेल्या पिशव्यांतलीच. बारा मालक रेषेपलीकडे कठड्याशी उभे, प्रत्येकाचा हात वर. शेजारचे लोक त्यांच्याकडे बघून सरकून उभे राहत होते. घोडे सुटले. लाउडस्पीकरवरून आवाज आला, "सर्वानुमते आठवी." मग, "सर्वानुमते अजून आठवी." साडूंनी डोळे मिटले. शेवटच्या वळणावर घोडे सरळ झाले, सर्वानुमतेने मान उंचावली, आणि जॉकीला काही कळायच्या आत ती सुटली!

"सर्वानुमते सहावी! सर्वानुमते पाचवी! चौथी, आणि... सर्वानुमते तिसरी!"

जे दोन पुढे होते त्यांचं मला काही माहीत नाही, कारण मी साडूंना आणि साडू मला मिठी मारून उड्या मारत होतो. घोडी रेषेवर थांबलीच नाही, सरळ कठड्याशी आली आणि पहिल्यांदा तिने साडूंच्या हातातलं गाजर घेतलं. सोललेलं होतं.

विजेत्या घोड्याला मालकाने लगाम धरून आत आणायचं, असा तिथला रिवाज. तिसऱ्याला नाही. अधिकारी तसं म्हणालाही. पण बारा माणसं ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हती. पुढे लगाम धरून साडू, मागे अकरा जण, आणि साडू तिच्या कानाशी दुकानातली कुठलीतरी गोष्ट सांगत चाललेले. विकायचा विषय कोणी काढला नाही. मुख्याध्यापक तेवढे म्हणाले, "रविवारी एकेकाने यायचं. पाळी लावू. पहिला रविवार चष्मेवाल्यांचा." साडू म्हणाले, "बाकीचेही माझेच ठेवा ना," आणि सगळे हसले.

घरी जाताना मी छाती पुढे काढली. "आठवं प्रकरण सुटलं. एकूण गुन्हेगार बारा."

"तेरा," बायको म्हणाली.

"तेरावा कोण?"

"दोन दिवसांत तुम्ही चार पुडे नेलेत बिस्किटांचे. आणि दोन्ही दिवस घरी येऊन ताटावर तुटून पडलात."

 घरी पोचल्यावर मी दारामागची छत्री घेतली आणि शेजाऱ्यांची बेल वाजवली.