पुराची वाट पाहणारा टहलराम

मृग लागला की अख्खं महाड काळजीने आभाळाकडे बघायचं. आशेने बघणारा माणूस एकच, आमच्या समोरचा कापडवाला टहलराम.

"मास्तर, यंदा पाणी येणार ना बाजारात?" जत्रा भरणार का, असं विचारावं तशा सुरात तो विचारायचा.

फाळणीत कराची सुटली आणि छावण्यांमधून फिरत फिरत तो इथे आला. इथेच का? तर, "एस.टी. रत्नागिरीला चालली होती. महाडला चहाला थांबली. चहा चांगला होता, साईं!" दुकानाला धड फळ्या बसल्या नव्हत्या, तोवर त्याने वर माडी बांधली. एकट्या जिवाला माडी कशाला? तर पूर आला की लोकांनी वर यावं म्हणून. पापडांचे चार डबे, पत्त्यांचे दोन जोड आणि सहा उशा त्याने आधीच आणून ठेवल्या होत्या.

पण महाडात पुराचे पाहुणे असे येत नाहीत. सावित्री बाजारात शिरली की कोणी कोणाच्या माडीवर चढायचं, हे आजा-पणजापासून ठरलेलं. मृग लागला की सखल घरांतली भांडी, शालू, कागदपत्रं ट्रंकेत भरून ठरलेल्या माडीवर पोचतात. पाणी आलंच, तर मागाहून माणसं. आमची ट्रंक वकिलांकडे जाई.

"मास्तर, एक ट्रंक माझ्याकडे द्या ना! रिकामी दिली तरी चालेल."

"अहो, त्याला तीन पिढ्या जाव्या लागतात," मी ऐटीत म्हणालो.

"तीन? मग आधी बायको तरी बघून द्या!" तो खो खो हसला. आपला विनोद जमला, असं मला वाटलं. माझ्या बऱ्याच विनोदांबद्दल मला असं वाटतं.

पुढच्या वर्षी त्याने बाजारभर जाहीर केलं, "आली! माझ्याकडे ट्रंक आली!" कोणाची? "नाव सांगू नका म्हणाला." हिरवी, भलंमोठं कुलूप लावलेली. आत कोणाचं सोनं असावं, यावर मी शाळेच्या मधल्या सुट्टीत व्याख्यानं दिली.

त्याच वर्षी पाणी आलं. मी पडलो भूगोलाचा मास्तर. ओटीच्या पायरीवर उभा राहून शेजाऱ्यांना भरती-ओहोटी समजावत होतो. "आता ओहोटी लागेल. पाणी तिसरी पायरी ओलांडणार नाही."

"अहो, तुम्ही पाचवीवर उभे आहात," आतून ही ओरडली, "आणि तुमच्या वहाणा चालल्या!"

हिला आणि लहान मुलीला घेऊन वकिलांकडे जायला होडीत बसलो, तर होडीवाला म्हणाला, "मास्तर, तिकडं नाय जायाचं. धार हाय तिथं. समोर चढा गुमान."

समोर टहलराम माडीच्या खिडकीतून अर्धा बाहेर लोंबत होता. "वर या, साईं, वर या! भाभी, आधी मुलीला द्या इकडे!"

"आमच्यात पाहुण्याला आधी पापड आणि पाणी," त्याने सांगितलं. पाणी खाली भरपूर होतं. पापड सादळून चामड्यासारखे झाले होते. तो ते निखाऱ्यांवर पुन्हा पुन्हा भाजत होता. हिने त्याच्याच चुलीवर पिठलं टाकलं.

मुलीला आडवं करायला जागा हवी होती. "ती ट्रंक तेवढी सरकवा," ही म्हणाली. लोकांचं सोनं उचलायचं म्हणून मी धोतर खोचलं, दम भरला, सगळा जोर लावला आणि ट्रंकेसकट उताणा पडलो, थेट पापडांच्या डब्यांवर. ट्रंक माझ्या छातीवर उशीसारखी बसली होती. आत काहीच नव्हतं.

टहलराम खिडकीकडे तोंड करून पाणी बघत राहिला.

जन्मात एकदाच मला वेळेवर खोटं सुचलं. "काय वजन आहे हो!" मी कण्हलो. "कंबर गेली माझी."

"जपून, मास्तर," तो न वळता म्हणाला. "दुसऱ्याची वस्तू आहे."

पुढच्या मृगाला हिने मला न विचारता आमची ट्रंक समोर धाडली. मी ती घेऊन वर गेलो, तर हिरवी ट्रंक जागेवर नव्हती.

"ज्याची होती तो घेऊन गेला," टहलराम म्हणाला. खाली दुकानात दोन गिऱ्हाइकं तिच्यावर बसून छिटं बघत होती.

दोन दिवसांनी तो दुकानाच्या पायरीवर उभा राहून आभाळाला हात जोडताना दिसला.

"काय टहलराम, यंदा येणार ना पाणी?"

"अभद्र बोलू नका, मास्तर!" तो माझ्यावर खेकसला. "वर भाभींचा शालू आहे!"